तापीकाठच्या माणसाने चिनी पाणबुडीची चिंता करावी काय?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा जन्माला आला, तेव्हा पोखरणच्या अणुचाचण्यांना जेमतेम सात आठवडे झाले होते, आणि त्या चाचण्यांचे कारण सांगताना दिल्लीने चीनकडे बोट दाखवले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी चीनच्या अणुपाणबुड्यांचा विचार कशाला करावा, असे कोणी विचारील. पण प्रकाशाच्या घाटावरून वाहत जाणारी तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, तिथल्या हझिऱ्यातच ‘अरिहंत’ या आपल्या पहिल्या अण्वस्त्रधारी पाणबुडीच्या कवचाचे भाग लार्सन अँड टुब्रोने घडवले. तिचा गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा. तेव्हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा लागते, म्हणून तिला अधूनमधून वर यावे लागते. अणुभट्टीवर चालणारी पाणबुडी महिनोन्‌महिने खाली राहू शकते. शिधा संपला तरच तिला परतावे लागते. तिच्या पोटात क्षेपणास्त्रे असली की शत्रूने जमिनीवरचे सारे तळ उद्ध्वस्त केले तरी प्रत्युत्तर शिल्लक उरते. धाक आहे तो या उरण्याचा.

चीनने १९८१ मध्ये ‘शिया’ वर्गाची पाणबुडी पाण्यात सोडली. तिच्यावरच्या ‘जुलांग-१’ क्षेपणास्त्राचा (जुलांग म्हणजे महालाट) पल्ला सुमारे १,७०० किलोमीटर. पुढे ‘जिन’ वर्गाच्या सहा पाणबुड्या आल्या, ‘जुलांग-२’चा पल्ला ७,००० किलोमीटरच्या वर गेला आणि ‘जुलांग-३’चा १०,००० च्या घरात. त्यांचा मुख्य तळ हैनान बेटावर आहे. नकाशा काढून पाहा: हैनानहून नंदुरबार साधारण ३,७०० किलोमीटर. म्हणजे आपल्यावर नेम धरायला या पाणबुड्यांना हिंदी महासागरात येण्याची गरजच नाही, आणि चीनची जमिनीवरची क्षेपणास्त्रे आपल्यापर्यंत कधीचीच पोहोचतात. या पाणबुड्या बांधल्या आहेत त्या प्रामुख्याने अमेरिकेसाठी. चिनी अण्वस्त्रधारी पाणबुडी कोकण किनाऱ्याशी दबा धरून बसल्याचे चित्र कोणी रंगवले, तर ते खुशाल बाजूला ठेवावे.

खरी काळजी वेगळ्या पाणबुड्यांची. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनची साधी डिझेल पाणबुडी कोलंबो बंदरात येऊन उभी राहिली. २०१५ मध्ये दुसरी कराचीत. त्याआधी, २०१३-१४ च्या हिवाळ्यात, एक अणुशक्तीवर चालणारी हल्लेखोर पाणबुडी हिंदी महासागरात फिरून गेली होती. पाकिस्तानने चीनकडून घेतलेल्या आठ ‘हँगोर’ पाणबुड्यांपैकी पहिली एप्रिल २०२४ मध्ये वुहानमध्ये पाण्यात उतरली. मुंबईला येणाऱ्या तेलवाहू जहाजांशी गाठ पडेल ती असल्यांची. यांच्यात अण्वस्त्रांचा थरार नाही, म्हणून वर्तमानपत्रांत त्यांना जागा कमी मिळते.

आपली बाजू कशी आहे? ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली आणि २०१८ मध्ये तिने पहिली गस्त पुरी केली. पण तिच्यावरच्या ‘के-१५’चा पल्ला ७५० किलोमीटर, बंगालच्या उपसागरातून तो चीनच्या मोठ्या शहरांच्या आसपासही जात नाही. २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘अरिघात’ नौदलात आली आणि त्याच नोव्हेंबरात तिच्यावरून ३,५०० किलोमीटरच्या ‘के-४’ची चाचणी झाली. उपसागराच्या अगदी उत्तर टोकातून बीजिंग आता कसेबसे टप्प्यात येते. पण त्या टोकाला पाणी उथळ आणि वर्दळ मोठी. दडायला खोल दक्षिणेत जावे, तर पल्ला पुरत नाही. ‘के-४’हून लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र हवे आहे ते यासाठी, कोणाची बरोबरी करण्यासाठी नव्हे.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो पल्ल्याहून नाजूक आहे. जमिनीवर आपण स्फोटकाग्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवत आलो. पाणबुडीत ते जोडूनच न्यावे लागते. प्रथम वापर न करण्याचे २००३ चे धोरण पाण्याखाली, दिल्लीशी संपर्क तुटलेला असताना कसे पाळले जाईल, हुकमाची खात्री कोण आणि कशी करील? बीजिंगमध्ये हे जाहीरपणे विचारता येत नाही. आपल्याकडे संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे. तिने बंद दाराआड का होईना, हे विचारायला हवे.