विचारल्याशिवाय वेळ न सांगणारं घड्याळ

घड्याळाकडून माणसाची एकच किमान अपेक्षा असते. बघितलं की वेळ दिसली पाहिजे. मनगट झटकायचं नाही, काचेवर टिचकी मारायची नाही, बटण दाबायचं नाही. नजर टाकायची, बस. एवढंही जिला जमत नाही, त्या वस्तूला निव्वळ पट्टा आहे म्हणून घड्याळ म्हणायचं का? आणि जमवायचं असेल तर रोज चार्जरला लटकवा, असं जी कंपनी सांगते ती आपल्याला सरळ गंडवते आहे, असं माझं म्हणणं आहे. कसं ते सांगतो.

मी मोरिवलीत राहतो आणि इथल्याच एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर सांभाळतो. दिवसभर दोन्ही हातांत काहीतरी असतं. चलन, खोका, पॅलेट ट्रकचा दांडा. गेटवर गाडी आली की आत आल्याची वेळ लिहायची, माल उतरला की बाहेर गेल्याची. कंपनीच्या कामाने मुंबईला जायचं तर अंबरनाथहून लोकल. तिथे एक हात वरच्या कडीत, दुसरा सॅक पोटाशी धरण्यात. आता मनगट उचललं की स्क्रीन उजळते, ही सोय ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलाशी बसलेला माणूस असावा. कडीला धरलेलं मनगट आधीच वर असतं. घड्याळ वाट बघतं की हात खाली जाईल, मग वर येईल. कुर्ला येईपर्यंत हात खाली न्यायला जागा मिळत नाही. तोंडासमोर सहा इंचांवर दोन-तीन हजारांची काळी काच, आणि वेळ विचारायची शेजारच्या काकांना, ज्यांच्या हातावर काट्यांचं जुनं घड्याळ आहे.

आमच्या कँटीनमध्ये यावरून दोन पार्ट्या आहेत. पहिली पार्टी ऑलवेज ऑन डिस्प्लेवाली. स्क्रीन कायम चालू, वेळ कायम समोर, आणि डब्याच्या पिशवीत चार्जिंगची केबल. दुसरी पार्टी बॅटरीवाली. ते एओडी बंद ठेवतात, दहा दिवस चार्ज करत नाही म्हणून छाती फुगवतात, आणि वेळ बघताना हातावरचं पाणी झटकल्यासारखं मनगट झटकतात. दोघंही मला विचारतात, तू कुठल्या बाजूचा? मी कुठल्याच बाजूचा नाही. कारण 'वेळ सतत दिसणं की बॅटरी टिकणं' हे भांडण आपलं नव्हेच. ते आपल्यावर लादलेलं आहे.

शिवाय ते जुनं आहे. पन्नास वर्षांपूर्वी एकदा होऊन मिटलेलं. १९७२ साली अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने पल्सर नावाचं पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ बाजारात आणलं. किंमत २,१०० डॉलर. त्यात लाल एलईडीचे आकडे होते आणि एलईडी इतकी वीज खायची की आकडे कायम चालू ठेवणं शक्यच नव्हतं. मग काय केलं? बटण दाबलं तरच वेळ दिसणार. म्हणजे वेळ बघायला दोन हात लागणार! श्रीमंतांनी हौसेने घेतलं. पण १९७३ साली सेकोने सहा आकड्यांचं एलसीडी घड्याळ आणलं. एलसीडी स्वतः उजेड टाकत नाही, बाहेरून पडलेला उजेड परत फेकते, त्यामुळे वीज जवळजवळ लागतच नाही आणि आकडे कायम दिसत राहतात. त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत एलईडीची घड्याळं बाजारातून उठली. लोकांनी निकाल दिला होता. १९८९ साली आलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आजही हजार-दोन हजारांत मिळतं. त्यात बटणाएवढी एक सेल असते, साधारण ९० एमएएचची. ती सात वर्षं चालते आणि त्या सात वर्षांत एक सेकंदही आकडे दिसायचे थांबत नाहीत.

आता आपल्या अमोलेड घड्याळाकडे बघा. अमोलेडमधला शेवटचा 'लेड' म्हणजे तोच एलईडी. प्रत्येक ठिपका स्वतः जळतो, म्हणून रंग झगझगीत आणि काळा रंग कोळशासारखा काळा. फोनसाठी उत्तम, फोनवर आपण सिनेमा बघतो. पण हाच पडदा मनगटावर कायम पेटता ठेवायचा म्हटलं की १९७२ चं दुखणं परत येतं. ते लपवायला कसल्या कसल्या युक्त्या! एओडीमध्ये बहुतेक ठिपके विझवायचे, उरलेले मंद करायचे, महागड्या घड्याळात स्क्रीन सेकंदाला एकदाच ताजी करायची, बऱ्याच घड्याळांत सेकंद दाखवायचेच नाहीत. तेच आकडे एका जागी जळत राहिले तर डाग पडतात, म्हणून ते अधूनमधून किंचित सरकवायचे. एवढं करूनही वीज जाते ती जातेच. गार्मिनच्या फिनिक्स ८ या लाखाच्या आसपासच्या घड्याळाचे कंपनीनेच दिलेले आकडे घ्या. ४७ मिलिमीटरचं अमोलेड मॉडेल १६ दिवस चालतं, एओडी चालू केलं की ७ दिवस. त्याच मापाचं सोलर मॉडेल, ज्याला अमोलेड नाही तर उजेड परत फेकणारी स्क्रीन आहे, ते सूर्यप्रकाशाची मदत न घेता २१ दिवस जातं. आणि त्याची स्क्रीन कायम चालूच असते. तिथे एओडी नावाचा वेगळा पर्याय लागतच नाही.

बाकीच्या कंपन्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत फक्त पहिला आकडा छापतात. 'दहा दिवस'. शेजारी चांदणी, आणि चांदणीचा अर्थ खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात. एओडी चालू केल्यावर किती, ते लिहितील तर शपथ.

कोणी म्हणेल, कॅसिओ हृदयाचे ठोके मोजत नाही, नोटिफिकेशन दाखवत नाही. मान्य. मग पेबल घ्या. २०१२ मध्ये एका तरुणाने किकस्टार्टरवर लोकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त जमवून हे स्मार्टवॉच बनवलं. मेसेज दाखवायचं, गाणी बदलायचं, वेगवेगळे चेहरे घ्यायचं, कायम दिसायचं आणि आठवडाभर चालायचं. कारण स्क्रीन उजेड परत फेकणारी होती, जिच्यात प्रत्येक ठिपका आपली अवस्था स्वतः लक्षात ठेवतो आणि बदल असेल तेव्हाच वीज मागतो. २०१६ मध्ये ती कंपनी फिटबिटने गिळली, पुढे फिटबिटला गुगलने.

किंवा आपल्याकडे २०१८ मध्ये आलेलं अमेझफिट बिप घ्या. किंमत साडेपाच हजारांच्या आसपास. हृदयाचे ठोके, जीपीएस, नोटिफिकेशन, सगळं. रंगीत स्क्रीन, कायम दिसणारी. बॅटरी १९० एमएएच. कमी वापर असेल तर एका चार्जमध्ये ४५ दिवस, असा कंपनीचा दावा होता. दोनच वर्षांनी त्याच मालिकेत बिप यू आलं. मोठी बॅटरी, चकचकीत स्क्रीन, दावा ९ दिवसांचा, आणि वापरात नसताना काच काळी. ४५ वरून ९ वर येणं याला प्रगती म्हणून विकलं गेलं आणि आपण ते घेतलं. मग २०२२-२३ मध्ये आपल्या देशात स्मार्टवॉचचा पूर आला, आणि आयडीसीच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये बाजारात येणारी घड्याळं आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांशाने घटली. कारणं अनेक सांगतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत मात्र एक कारण टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे, पट्ट्यासकट, डिस्चार्ज.

हे सगळं चैनीचं रडगाणं वाटत असेल तर माझ्या मामीचं ऐका. मामी मुरबाडच्या बाजूच्या एका गावात आशा आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी पुढच्या ४२ दिवसांत आशाला त्या घरी सहा वेळा जावं लागतं. तिथे ती बाळाचं वजन करते, ताप बघते आणि श्वास मोजते. श्वास मोजणं ऐकायला सोपं वाटतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ एका लयीत श्वास घेत नाही. मध्येच भरभर घेतं, मध्येच थांबल्यासारखं करतं. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. साठ किंवा जास्त भरले तर परत एकदा पूर्ण मिनिट. दोन्ही वेळा साठच्या खाली आलं नाही तर धोका, दवाखान्यात हलवायचं. या मिनिटात मामीचा एक हात बाळाचं झबलं वर धरून असतो, नजर पोट आणि मनगट यांच्यात येजा करत असते, आणि हालचाल केली तर बाळ रडतं. रडलं की मोजणी गेली.

दिवाळीला तिच्या मुलाने तिला स्मार्टवॉच घेऊन दिलं. चांगलं होतं, पावलं मोजायचं. मी विचारलं, "मामी, कामाला घालतेस का गं?" ती म्हणाली, "लग्नाला घालते. अरे, दहा-बारा श्वास झाले की ते झोपतं. त्याला उठवू का बाळाला झोपवू?" मी एओडी चालू करून दिलं. त्यात तास आणि मिनिटं आली, सेकंद गायब! आणि बॅटरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. आशांना मिळणाऱ्या नवजात बाळांच्या किटमध्ये वजनकाटा आणि थर्मामीटरसोबत साधं डिजिटल घड्याळ असतं, ते तिने परत बांधलं. किट ठरवणाऱ्याला घड्याळ कशासाठी असतं हे ठाऊक होतं.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांत ती घडवली आणि २०११ पासून ती देशभर नेली गेली. त्याआधी, १९९० च्या सुमारास, त्यांच्यासमोर आणखी अवघड प्रश्न होता. गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते आणि न्यूमोनिया तर श्वासाच्या आकड्यावरूनच ओळखायचा. त्यांनी एक साधन बनवलं, ब्रेथ काउंटर. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. वाळू मध्येच विझत नाही. किती उरली ते मान न वळवता, हात न हलवता दिसतं. आज हजारो इंजिनिअर असलेल्या कंपन्या जे घड्याळ आपल्या गळ्यात मारतात, ते या एका कामात त्या वाळूपुढे नापास होतं.

"रोज चार्ज करायला काय जातं? फोन करतोसच की," हा युक्तिवाद मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवला जातो. एक मित्र तर म्हणाला, तुझे आजोबा एचएमटी जनताला रोज चावी देत नव्हते का? देत होते. वीस सेकंद, चहाचं आधण ठेवताना. चावी द्यायला प्लग लागत नाही, दर मॉडेलला वेगळी केबल लागत नाही, केबल हरवली म्हणून घड्याळ भंगारात जात नाही. आमच्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, आणि दुरुस्तीच्या कामासाठी वीजही नेमकी शुक्रवारीच जाते. शिवाय हीच कंपनी सांगते की झोप मोजायला रात्री घड्याळ घाला. दिवसा वेळ बघायला घालायचं, रात्री झोप मोजायला घालायचं, मग चार्ज कधी करायचं? आंघोळीला? तर ते वॉटरप्रूफ आहे म्हणून आंघोळीतही घाला, असं जाहिरातीत सांगतात.

उजेड परत फेकणाऱ्या स्क्रीनचे तोटे आहेत, ते झाकत नाही. खोलीत ती मळकट दिसते. रंग धुतलेल्या शर्टासारखे. अंधारात दिवा लावायला बटण दाबावं लागतं, म्हणजे तेवढ्यापुरता १९७२ चा पल्सर होतो. फोटो लावून मिरवायचा असेल तर ती घेऊ नका. पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता मोरिवलीच्या रस्त्यावर ती उजळून निघते आणि अमोलेडला तिथे जीव तोडून ब्राइटनेस वाढवावी लागते, म्हणजे परत बॅटरीच.

या स्क्रीनची हार दुकानात झाली, मनगटावर नाही. दुकानातली ट्यूब, काचेचं कपाट, शेजारी-शेजारी मांडलेली वीस घड्याळं. तिथे जी जास्त चमकते ती विकली जाते. उल्हासनगरच्या बाजारात गेलात तर 'अल्ट्रा' नावाची नक्कल दीड हजारात मिळेल, आणि ती तर अस्सलपेक्षा जास्त चमकते. दुकानदार उजवा हात सतत हलवत ठेवतो, म्हणजे स्क्रीन विझायलाच नको. कधी घेणार असाल तर एवढं करा. घड्याळ हातावर बांधून दुकानाबाहेर उन्हात या, हात एका जागी धरा आणि साठपर्यंत मोजा. मग आत जाऊन विचारा की एओडी चालू ठेवून किती दिवस चालतं, आणि उत्तर बिलावर लिहून द्या म्हणा. मी गेल्या महिन्यात एका भाच्यासाठी तीन दुकानांत हेच विचारलं. दोघांनी "कंपनीला विचारा" म्हटलं. तिसरा म्हातारा होता. त्याने काउंटरच्या खालच्या खणातून कॅसिओचं खोकं काढलं आणि म्हणाला, "हे घ्या, लिहून देतो."