पासवर्ड सांग की, भावा!

बीड, अंबाजोगाई, परळी... कुठल्याही रूमवर जा. मित्र आला की पाण्याच्या आधी विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय रे?" पासवर्डही बहुतेक ठरलेला: घरमालकाचा मोबाईल नंबर, नाहीतर एक ते आठ आकडे. आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, असं वाटतं. पण मुद्दा लपवण्याचा नाही. आपल्या नावावर दुसरं कोण काय करतंय, हा आहे.

२६ जुलै २००८. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. तरी चौकशी त्याचीच झाली. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं.

असं का होतं? राउटरमागे दहा मोबाईल असले तरी बाहेर पत्ता एकच दिसतो, आणि कंपनीच्या नोंदीत नाव असतं ग्राहकाचं. आईवडील ऊसतोडीला गेलेत, कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे आणि नेट अख्खी गल्ली वापरतेय. अशा वेळी उद्या काही घडलं तर पहिला फोन फडावरच्या बापाला जाणार.

यात सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. त्या घटनांनंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या. पण जोडणी करणारा वायर ओढतो, नेट चालू करून दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड 'अॅडमिन'च राहतो. २०१६ मध्ये 'मिराई' व्हायरसने असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडल्या.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. आधी 'अॅडमिन' पासवर्ड बदला, मग वायफायचा. चार-पाच असंबद्ध शब्द जोडले तर लक्षात राहतो आणि ओळखता येत नाही. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा. जुनं डब्ल्यूईपी नको. डब्ल्यूपीएस बंद करा. त्याची पिन काही तासांत शोधता येते, हे २०११ मध्येच दिसून आलंय. फर्मवेअर अपडेट करा. नेटवर्कचं नाव लपवून मात्र फारसं काही साधत नाही.

मग मित्राला नाही म्हणायचं का? मुळीच नाही. बऱ्याच राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' असतं. पाहुण्यांना तेच द्या, त्याचा पासवर्ड अधूनमधून बदला. आपलं घरचं कनेक्शन नेमकं कोणाच्या नावावर आहे, तेवढं आज घरी फोन करून विचारा. काळजी त्या माणसासाठी घ्यायचीय.