छबी उमेदवाराची, कमाई दलालाची

परीक्षांचे निकाल लागले की जाहिरातींना ऊत येतो. स्पर्धापरीक्षांचे वर्ग, संगणकाचे वर्ग, परदेशी शिक्षणाचे सल्लागार अशी सगळी मंडळी एकदम जागी होतात. त्यांच्याच रांगेत गेली काही वर्षे आणखी एक जाहिरात न चुकता उभी असते: ‘नवे चेहरे पाहिजेत. अनुभवाची आवश्यकता नाही. उंचीची अट नाही. निवड झालेल्यांना नामांकित कंपन्यांच्या जाहिरातींत काम.’ पूर्वी ही जाहिरात वृत्तपत्राच्या कोपऱ्यात असे. आता ती मुलांच्या हातातल्या मोबाईलवर, त्यांच्याच पसंतीच्या चित्रांच्या मधोमध येऊन बसते. वडीलधारी माणसे ती पाहत नाहीत, आणि पाहिली तरी हसून सोडून देतात. त्या हसण्याविषयीच हा लेख आहे.

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बी. कॉम. झालेली एक मुलगी घरी आली. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने पिशवीतून काळ्या आवरणाचा एक जाड आल्बम काढला आणि टेबलावर ठेवला. आत तिचीच चाळीस छायाचित्रे होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉटेलच्या सभागृहात ‘ऑडिशन’ झाली होती. दोन दिवसांनी फोन आला की, दीडशेतून अकराजणांची निवड झाली असून त्यांत तुमचे नाव आहे. मात्र कंपन्यांना दाखविण्यासाठी पोर्टफोलिओ लागतो, तो आमच्याच छायाचित्रकाराकडून करून घ्यावा लागेल, आणि पैसे आजच भरावे लागतील, कारण जागा मोजक्या आहेत. रक्कम पस्तीस हजार. निम्मी तिने स्वतःच्या पगारातून साठविलेली होती, उरलेली आईच्या बांगड्या गहाण ठेवून उभी केली. आल्बम हाती आला. पाठोपाठ चालण्या-बोलण्याच्या शिक्षणासाठी आणखी बारा हजारांची मागणी आली. तिने असमर्थता कळविताच तिकडचा फोन कायमचा बंद झाला.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. तिने धीर करून मुंबईतील एका व्यावसायिक संस्थेला स्वतःच लिहिले. तिकडून उत्तर आले की, चार साधी छायाचित्रे पाठवा: रंगभूषा न करता, अंगासरशा साध्या कपड्यांत, खिडकीच्या उजेडात, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचे. अशी छायाचित्रे घरातले कोणीही मोबाईलवर काढू शकते. पस्तीस हजारांच्या त्या आल्बमात तसे एकही छायाचित्र नव्हते.

आल्बम विकत मिळतो, पोर्टफोलिओ नाही

पोर्टफोलिओ हा शब्द चित्रकाराला आणि वास्तुविशारदाला परका नाही. आपण केलेल्या कामाचे नमुने एकत्र करून दाखविण्याची ती फाईल. मॉडेलच्या बाबतीत काम म्हणजे छायाचित्रात दिसणे, म्हणून तिची फाईल छायाचित्रांची. तिच्यात चेहऱ्याचे एखादे निकटचित्र, बाजूने घेतलेले एक, पूर्ण उंचीचे एक, हसरी मुद्रा, गंभीर मुद्रा, साडी किंवा पारंपरिक वेष, रोजचा वेष एवढी विविधता पुरते. निवडक दहा-बारा चित्रे असली की काम भागते; चाळीस असली तर पाहणारा कमकुवत चित्रांवरूनच मत बनवितो. सोबत उंची, मापे आणि चार-पाच चित्रे छापलेले एक कार्ड असते. चित्रांतला माणूस आणि दारात येऊन उभा राहणारा माणूस एकच असावा, एवढीच खरी अपेक्षा. म्हणून जाड रंगभूषा आणि यंत्राने गुळगुळीत केलेली त्वचा हा उमेदवाराचा तोटाच असतो.

ही फाईल व्यवसायात हळूहळू तयार होते. नवा छायाचित्रकार, नवा रंगभूषाकार आणि नवे मॉडेल एकत्र येतात, एक दिवस काम करतात, कोणी कोणाला पैसे देत नाही, आणि प्रत्येकाच्या पदरात दाखविण्याजोगी चार चित्रे पडतात. मग सुरतच्या साडीविक्रेत्याचे एखादे कॅटलॉग मिळते, एखाद्या दुकानाची जाहिरात मिळते. पहिली चित्रे काढून टाकली जातात आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाची चित्रे त्यांच्या जागी बसतात. पाच वर्षे काम केलेल्या मॉडेलच्या फाईलमध्ये पहिल्या वर्षातले एखादेच चित्र उरते. सुताराची हत्यारे बाजारात मिळतात, पण त्याचा हात बाजारात मिळत नाही. पोर्टफोलिओचेही तसेच आहे.

याचा अर्थ छायाचित्रकाराला पैसे देणे चूक आहे, असा नव्हे. छायाचित्रण ही कष्टाची आणि बुद्धीची कला आहे. गौतम राजाध्यक्षांसारख्या मराठी कलावंताने तिला केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली, हे आपण जाणतो. कोणी चांगली छायाचित्रे काढून देतो आणि त्यांचे मोल घेतो, तो व्यवहार स्वच्छ आहे. त्याने चित्रे विकली, भविष्य विकले नाही. ‘चित्रे माझ्याकडूनच काढा, म्हणजे मी काम देतो,’ असे जो म्हणतो, तेथे मात्र व्यवहाराचे स्वरूपच पालटते.

कोण उमेदवार, कोण गिऱ्हाईक?

प्रामाणिक दलालाचा हिशेब साधा असतो. उमेदवाराला काम मिळाले, कामाचे पैसे आले, त्यांतला ठरलेला हिस्सा दलालाचा. काम नाही तर दलाली नाही. म्हणून उमेदवाराला काम मिळवून देण्यात त्याचाही स्वार्थ असतो, आणि ज्याला काम मिळण्याची शक्यता नाही, त्याला तो दारातूनच परत पाठवितो. तो नकार कठोर वाटतो, पण फुकट असतो.

ज्याची मिळकत आल्बमांवर चालते, त्याचा हिशेब याच्या नेमका उलट असतो. त्याच्याकडे शंभर मुले आली आणि शंभरांपैकी एकालाही काम मिळाले नाही, तरी त्याचा धंदा बुडत नाही. नकार देणे हे त्याच्या दृष्टीने नुकसान. म्हणून तो कोणालाच नकार देत नाही. दीडशेतून अकरा निवडल्याचे तो दीडशेजणांना सांगतो. मुलगी समजते, आपण उमेदवार आहोत; वस्तुतः ती गिऱ्हाईक असते. पैसा कोणत्या दिशेने वाहतो, एवढे एक पाहिले तरी या व्यवसायातला खरा आणि खोटा माणूस ओळखता येतो.

‘हौसेला मोल नाही, फसले तर फसू देत,’ असे आमचे काही सहकारी म्हणतात. नोकरी लावून देतो म्हणून शिक्षकाच्या जागेसाठी पैसे घेणाऱ्यांना आपण काय म्हणतो? आखातात पाठवितो म्हणून गवंड्याची जमीन विकायला लावणाऱ्याला काय म्हणतो? तेथे आपण फसलेल्याच्या बाजूने उभे राहतो. मग येथेच फसलेल्याला हसण्याचे कारण काय?

आमची तुच्छता, त्यांचे भांडवल

कारण स्पष्ट बोलले पाहिजे. चेहरा आणि शरीर यांवर पोट भरण्याचा व्यवसाय आपण मनातून व्यवसाय मानीत नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकारांच्या पिढ्यांनी समोर बसलेल्या मॉडेलवरून मानवी देह शिकून घेतला. पण तेथे बसणाऱ्या बायकांना हे काम घरच्यांपासून लपवावे लागते. हाच विषय घेऊन रवी जाधव यांनी ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट केला. २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील भारतीय विभागासाठी निवड होऊनही तो ऐनवेळी वगळण्यात आला, आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. कलाशाळेतल्या त्या बाईला बसण्याचे पैसे मिळतात. बसू देण्यासाठी कोणी तिच्याकडून पैसे मागत नाही. आपण जिला सगळ्यात खालची मानतो, तिचा व्यवहार या चकचकीत सभागृहांतल्या व्यवहारापेक्षा कितीतरी सचोटीचा आहे.

मिलिंद सोमण, मधू सप्रे, उज्ज्वला राऊत ही मराठी नावे गाजली, तेव्हा त्यांच्याविषयी अभिमानाने बोलणारेही आपणच होतो. यश मिळाले की कौतुक, आणि यशाच्या वाटेवर असेतो कुजबूज, असा आपला दुहेरी न्याय आहे. त्याचा परिणाम असा की, ज्या मुलाला किंवा मुलीला या वाटेने जायचे असते, ती घरात विचारीत नाही, शिक्षकाला विचारीत नाही, करारपत्र कोणाला वाचायला देत नाही. फसल्यावर तक्रार करीत नाही, कारण तक्रार करायची तर आधी गेल्याची कबुली द्यावी लागते. भामट्याला याहून सुरक्षित बाजारपेठ कोठे मिळणार? कार्यालय, कॅमेरा, सभागृह हे त्याचे किरकोळ भांडवल. खरे भांडवल आपण पुरविलेले आहे. ते म्हणजे त्या मुलीचे मौन.

कायदा कोठे आहे, कोठे नाही

तक्रारीला जागाच नाही, असे मात्र नाही. पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. खोटे आश्वासन देऊन पैसे उकळणे ही फसवणूक असून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तो गुन्हा आहे. पैसे मोबाईलवरून गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळविता येते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे त्या चाळीस चित्रांवर त्या मुलीचा हक्क आहे. म्हणूनच ‘सर्व हक्क संस्थेकडे’ अशी बारीक अक्षरांतली ओळ करारपत्रात घातलेली असते, आणि सही घाईने घेतली जाते. आज एका चेहऱ्यावरून यंत्राच्या साहाय्याने शेकडो बनावट चित्रे तयार करता येतात. अशा काळात ती ओळ वाचल्याविना सही करणे किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

परंतु मूळ दुखण्यावर आपल्याकडे इलाज नाही. काम देण्याचे आमिष दाखवून आगाऊ रक्कम घेऊच नये, असे मॉडेलिंगच्या संस्थांना बजावणारा खास कायदा आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये मॉडेलकडून असे शुल्क घेण्यास २०१० पासून मज्जाव आहे. कॅलिफोर्नियातही त्याच वर्षापासून तशीच बंदी आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२४ च्या डिसेंबरात संमत केलेला आणि २०२५ च्या जूनपासून अमलात आलेला कायदा तर असे सांगतो की, संस्थेने नोंदणी करावी, करारावेळी अनामत घेऊ नये, दलाली वीस टक्क्यांहून अधिक असू नये, आणि मॉडेलची यांत्रिक प्रतिकृती वापरायची तर तिची स्वतंत्र लेखी संमती घ्यावी.

हे तत्त्व आपल्याला परके आहे काय? परदेशी मजूर पाठविणाऱ्या दलालाने नोंदणी करावी, तारण ठेवावे आणि उमेदवाराकडून मर्यादेबाहेर शुल्क घेऊ नये, हे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याच्या चौकटीत आपण मान्य केलेले आहे. चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ च्या नियमांनी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आणि कमाईचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवण्याचे बंधन निर्मात्यावर टाकले. चौदा वर्षांच्या आतल्याला संरक्षण आणि अठरा वर्षांच्या मुलीला वाऱ्यावर, यात कोणता न्याय आहे? जाहिरात आणि मनोरंजन यांचे देशातले सर्वांत मोठे केंद्र मुंबईत आहे. संस्थांची नोंदणी, आगाऊ शुल्काला बंदी आणि उमेदवाराला कळेल अशा भाषेत करारपत्र, या तीन गोष्टींची सुरुवात महाराष्ट्राने करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शिक्षकांना आणि पालकांना करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी मॉडेलिंगचे समर्थक होण्याचीही गरज नाही. महाविद्यालयांतून व्यवसाय मार्गदर्शनाची व्याख्याने होतात. त्यांत अर्धा तास या विषयाला द्यावा. या व्यवसायातले आयुष्य अल्प आहे, उत्पन्न अनिश्चित आहे, नकार पुष्कळ आहेत, हे सांगावेच. पण ते सांगताना तोंड वाकडे करू नये. पदवी पूर्ण कर, पहिली छायाचित्रे घरीच काढ, करारपत्र आम्हाला दाखव, आणि काम देणारा पैसे मागू लागला की उठून ये, इतके जरी मुलांनी आपल्याकडून ऐकले, तरी पुष्कळ आल्बम छापले जाणार नाहीत.

ती मुलगी माझ्याकडे पैसे परत मिळवून द्या, असे सांगायला आली नव्हती. तिचा प्रश्न वेगळा होता. “सर, वडिलांना कळू न देता तक्रार करता येईल का?” तिचे वडील कचेरीत कारकून आहेत, सरळ, कष्टाळू गृहस्थ आहेत. मी तिला ग्राहक आयोगाचा मार्ग सांगितला, आणि वडिलांशी आधी बोल, असेही सांगितले. ती काही न बोलता आल्बम पिशवीत घालून गेली. तिने अजून तक्रार केलेली नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत तिच्या हातात आहे. आणि ती घरात हे बोलू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर नव्हे, तर आपल्यासारख्यांवर अवलंबून आहे.