एवढ्या मोठ्या विश्वात मी कोण?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात झरी जामणी हा तालुका आहे. जवळूनच पैनगंगा नदी वाहते. नदीपलीकडे तेलंगणा. पऱ्हाटीची शेते, सागाचे जंगल आणि कोलाम बांधवांचे पोड असा हा मुलूख आहे. अमावास्येच्या रात्री येथील एखाद्या शेतात उभे राहून वर पाहा. आकाश ताऱ्यांनी भरून गेलेले दिसते. ते पाहून आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. एवढ्या मोठ्या विश्वात मी कोण? माझी कोणाला काय किंमत?

विज्ञान शिकल्यावर हा प्रश्न आणखी मोठा होतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तरीही सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ४ वर्षांहून अधिक काळ लागतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ या यानाने सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात आपली पृथ्वी धुळीच्या कणासारखी दिसते. पायाखालची जमीनही फार जुनी आहे. याच तालुक्यातील शिबला परिसरात खांबांसारखे दगड आढळले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारस थंड होताना ते तयार झाले. त्यांच्यापुढे आपले साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य ते केवढे!

मग माणूस क्षुद्र आहे का? मला तसे वाटत नाही. आकार वेगळा आणि मोल वेगळे. घर मुलापेक्षा कितीतरी मोठे असते. पण घराला आग लागली, तर आई आधी मुलाला उचलते. मोल आकाराने ठरत नाही, प्रेमाने ठरते.

कोणी म्हणेल, “अगणित जिवांमध्ये देव माझ्याकडे कसा पाहील?” याचे उत्तर शेतात मिळते. शेतकरी हजारो ठिकाणी सरकी टोबतो. काही दिवसांनी तो तासातासांतून फिरतो. जेथे रोप उगवले नाही, तेथे पुन्हा बी लावतो. याला नांग्या भरणे म्हणतात. हजार रोपांतली एक रिकामी जागा साध्या माणसाला दिसते, तर ज्याने सृष्टी निर्माण केली त्याला एक माणूस दिसणार नाही का? आपण त्याला ‘रब्बुल आलमीन’, म्हणजे सर्व विश्वांचा पालनकर्ता म्हणतो, आणि त्यालाच ‘रहीम’ही म्हणतो. जो सर्वांत मोठा, तोच सर्वांत दयाळू.

महाराष्ट्राच्या संत जनाबाईंनीही हेच अनुभवले. त्या संत नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळणकांडण करता करता त्यांनी अभंग रचले. देव स्वतः त्यांच्याबरोबर जात्यावर बसे, अशी लोककथा आहे. या कथेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देव आला म्हणून जनाबाईंचे दळण संपले नाही. दळण तेवढेच राहिले. पण त्या एकट्या राहिल्या नाहीत.

म्हणून देवाचे प्रेम म्हणजे संकट येणारच नाही, असे नव्हे. पाऊस दगा देतो, पीक जाते, परीक्षेत अपयश येते. नापिकी आणि कर्ज यांमुळे यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपवले. अशा माणसाला मदत हवी, पिकाला योग्य भाव हवा. आणि त्याबरोबर हेही कोणीतरी सांगायला हवे, “तुझे पीक गेले, तुझे मोल गेले नाही. तू आम्हांला हवा आहेस.”

मुलांनो, हे सांगण्याचे काम आपले आहे. देवाचे माझ्यावर प्रेम आहे असे मी मानत असेन, तर माझ्या शेजाऱ्यावरही त्याचे तेवढेच प्रेम आहे, हे मला मानलेच पाहिजे. वर्गात मागे पडलेला मुलगा, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी बाई, पोडावरचा म्हातारा, यांपैकी कोणीही क्षुल्लक नाही. त्यांना प्रेमाने हाक मारा. त्यांचे दुःख ऐका. ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली तेव्हा त्यांना एकटे वाटणार नाही, आणि तुम्हांलाही वाटणार नाही.