भांडण नट्यांचं, बग संहितेतला

दोन वयस्कर नट्या, एक नाटक आणि वर्षभराचा दौरा. मग काय, एका म्यानात दोन तलवारी! 'लेजंड्स!' या अमेरिकन नाटकाचा विषय निघाला की लोक एवढंच सांगतात आणि फिदीफिदी हसतात. हे हसणं माझ्या डोक्यात जातं.

आधी हकीकत. नाटक १९८६ च्या जानेवारीत डॅलसमध्ये सुरू झालं. लेखक जेम्स कर्कवुड, 'अ कोरस लाइन'चा सहलेखक, म्हणजे चक्क पुलित्झरवाला. नट्या कोण? 'पीटर पॅन' गाजवलेली मेरी मार्टिन, वय ७२, आणि 'हॅलो, डॉली!'वाली कॅरल चॅनिंग, पासष्टीला टेकलेली. कथानक असं की, एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोन कफल्लक नट्यांना एक निर्माता एकाच नाटकात आणू बघतो. मेरीबाईंना वाक्यं आठवेनात, म्हणून कानात यंत्र बसवून त्यातून प्रॉम्प्टिंग. आत रुसवेफुगवे, कुरबुरी. समीक्षकांनी झोडपलं, तरी नावांवर तिकिटं खपत राहिली. १९८७ च्या जानेवारीत दौरा संपला. ब्रॉडवे राहिलं ते राहिलंच.

आता मला सांगा, हे किस्से आपल्यापर्यंत आणले कोणी? मुख्यतः कर्कवुडनेच, १९८९ च्या 'डायरी ऑफ अ मॅड प्लेराइट' या पुस्तकात. पुस्तक धमाल आहे, वादच नाही. पण ज्याने प्रोग्राम लिहिला तोच क्रॅश रिपोर्ट लिहीत असेल, तर मी तरी तो जपूनच वाचतो!

बरं, पुढे २००६ मध्ये हेच नाटक पुन्हा दौऱ्यावर निघालं. या वेळी जोन कॉलिन्स आणि लिंडा इव्हान्स, 'डायनॅस्टी' मालिकेतल्या हाडवैरिणी. म्हणजे विकायला काढलं काय, तर पुन्हा वैरच. आणि ब्रॉडवे? पुन्हा नाही! वीस वर्षांनी, वेगळ्या मशीनवर तोच प्रोग्राम तिथेच अडकला, तर दोष मशीनचा म्हणायचा?

गल्ला भरतोय तोवर थांबून संहिता दुरुस्त करायची कोणाला पडलीय? बहात्तर वर्षांच्या बाईला कानात यंत्र घालून गावोगाव फिरवायचं, आणि चिडचिड झाली की म्हणायचं, "बायकांचं पटतच नाही हो!" वा रे न्याय!

तुमच्या ऑफिसातही एखादं प्रोजेक्ट बुडाल्यावर "त्या दोघींचं जमत नव्हतं" असं कोणी सांगेल. तेव्हा एवढंच विचारा : त्यांच्या हातात दिलं काय होतं?