पाळण्यातले पाय, बर्फावरचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे आणि तिच्यात एक लबाडीही आहे. मूल मोठे होऊन कोणीतरी झाले की मगच ती उच्चारली जाते. पाळण्यापाशी उभे राहून, तारीख-वार घालून, ‘हा अमुक होणार’ असे लिहून देण्याची जोखीम म्हण वापरणारा कधी पत्करत नाही. आइस हॉकीच्या जगात मात्र ही जोखीम दरवर्षी उघडपणे घेतली जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना क्रमांक दिले जातात, ते छापले जातात, त्यांवर महिनोन्‌महिने वाद झडतात आणि पाच-सात वर्षांनी काळ त्या सगळ्याचा निकाल लावतो.

साहित्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या व्यवहाराकडे का पाहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर सरळ आहे. समीक्षेत आपण जे सावकाश आणि बिनबोभाट करतो, तेच तिथे घाईने आणि भर उजेडात चालते. त्यामुळे मूल्यमापन या व्यवहाराचे गुणदोष तिथे अधिक स्वच्छ दिसतात.

आधी व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील संघांची नॅशनल हॉकी लीग दर उन्हाळ्यात ‘ड्राफ्ट’ भरवते. प्रत्येक संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेतो आणि त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या संघाकडे जातो. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांची पाळी सामान्यतः आधी येते. अगदी वरच्या क्रमांकांसाठी १९९५ पासून सोडत काढली जाते. पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये झाला. त्यात केवळ २१ मुले निवडली गेली आणि पहिले नाव गॅरी मोनाहन या सोळा वर्षांच्या मुलाचे होते. आज ३२ संघ आणि ७ फेऱ्या मिळून २२४ नावे घेतली जातात. लीगने १९७५ मध्ये ‘सेंट्रल स्काउटिंग’ हा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच्या याद्या चार असतात: उत्तर अमेरिकेतील खेळाडू, उत्तर अमेरिकेतील गोलरक्षक, बाहेरील देशांतील खेळाडू आणि तेथील गोलरक्षक. स्वीडनच्या मुलाला ऑन्टॅरियोच्या मुलाशेजारी आणि गोलरक्षकाला फॉरवर्डशेजारी बसवून एकच क्रम लावण्याचे धाडस हा विभाग करत नाही. ते काम वृत्तपत्रे, वाहिन्या आणि हौशी जाणकार करतात, आणि खरा वाद तिथूनच पेटतो.

या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात, याकडे आम्ही प्रथम लक्ष वेधू इच्छितो. ‘हा मुलगा कितव्या क्रमांकावर निवडला जाईल?’ हा एक प्रश्न, आणि ‘हा मुलगा पुढे किती चांगला खेळाडू होईल?’ हा दुसरा. कॅनडातील टीएसएन वाहिनीचे पत्रकार बॉब मॅकेन्झी यांनी आपली यादी संघांच्या स्काउटांकडून मते मागवून बनवण्याची पद्धत रूढ केली. अशी यादी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देते, कारण निवड करणाऱ्यांच्या मनात काय आहे तेच ती सांगते. दुसऱ्या प्रश्नाला ती हातही लावत नाही. वाचक मात्र पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर जमा करून मोकळा होतो. पुरस्कार कोणाला मिळेल याचा अंदाज आणि कादंबरी चांगली आहे की नाही याचा निर्णय, यांत आपण करतो तीच ही गफलत.

आता मूल्यमापनाच्या पहिल्या दोषाकडे वळू. आपल्याकडे जन्मतारखेवरून भविष्य सांगणाऱ्याला सुशिक्षित माणूस हसतो. हॉकीच्या बाबतीत मात्र जन्मतारीख खरोखरच भविष्य घडवते, आणि तेही कोणत्याही ग्रहाच्या मदतीवाचून. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. नवव्या-दहाव्या वर्षी त्यांच्यातले अकरा महिन्यांचे अंतर उंचीत, ताकदीत, स्केटिंगच्या वेगात दिसते. मोठा दिसणारा मुलगा ‘गुणी’ ठरतो, वरच्या चमूत जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच गुणी झालेला असतो. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे आकड्यांनिशी दाखवले. २०१३ मध्ये डीनर, लोवेन आणि कोबली यांनी पुढचे पाऊल टाकले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली कॅनेडियन मुले, त्यांच्या नंतरच्या कामगिरीच्या मानाने, पहिल्या तिमाहीतल्या मुलांपेक्षा सुमारे ४० क्रमांक खाली निवडली गेली होती, असे त्यांना आढळले. म्हणजे मुलाला डोळ्यांनी पाहून, वर्षानुवर्षांच्या अनुभवाने निर्णय देणारी तज्ज्ञ मंडळी कित्येकदा नकळत पंचांगच वाचत होती.

ड्राफ्टची वयोमर्यादा पुन्हा निराळी. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगाच पात्र ठरतो. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधले वर्ष तो स्वित्झर्लंडमध्ये प्रौढांबरोबर झुरिचच्या संघातून खेळला आणि २०१६ मध्ये टोरॉन्टोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. दोन दिवस आधी जन्मता, तर २०१५ च्या यादीत त्याचे नाव कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल यांच्या बरोबर तोलले गेले असते. मुलगा तोच, खेळ तोच. क्रमांक मात्र शेजाऱ्यांवरून ठरतो. क्रमांक हा गुण नसून नाते आहे, ही साधी गोष्ट यादी वाचताना विसरली जाते.

दुसरा दोष भाषेचा आहे. १९९३ मध्ये ओटावा संघाने अलेक्सांद्र डेग या मुलाला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि पाच वर्षांचा सव्वाबारा दशलक्ष डॉलरचा करार त्याच्या हाती दिला. नवख्यांच्या वेतनावर लीगने पुढे जी मर्यादा घातली, तिच्यामागे या कराराची आठवण होती. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉन्गर २००० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१५ मध्ये हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचला. डेगचे नाव मात्र आजही ‘फसलेली निवड’ म्हणून घेतले जाते. पण आकडे पाहा. डेग लीगमध्ये ६१६ सामने खेळला, १२९ गोल केले. मध्यंतरी खेळ सोडून परतल्यावर २००३-०४ च्या हंगामात मिनेसोटा संघाचे सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते. जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये सहाशेहून अधिक सामने खेळलेला माणूस अयशस्वी कसा? अयशस्वी ठरले ते त्याच्याविषयीचे वाक्य. ते वाक्य दुसऱ्यांनी लिहिले होते. त्याची किंमत मात्र त्याच्याकडून आयुष्यभर वसूल केली गेली.

याउलट बाजूची कथाही नेहमी सांगितली जाते. पावेल दात्सुकला डेट्रॉइटने १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर घेतले, हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१० व्या. दोघांनी मिळून २००८ मध्ये स्टॅनली कप जिंकला. या दोन्ही निवडींमागे हाकन आंदरसन या स्वीडिश स्काउटची नजर होती. मार्टिन सेंट लुईचे नाव तर कोणत्याच ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. कॅल्गरीने २००० मध्ये त्याला सोडून दिले. टॅम्पा बे संघाकडून खेळत २००४ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. या कथा ऐकून श्रोता समाधान पावतो: यादी चुकली तरी बिघडत नाही, खरा गुण शेवटी वर येतोच.

आमचा आक्षेप नेमका या समाधानाला आहे. वर आलेल्यांची कथा आपल्याला कळते, कारण ते वर आले. जे आले नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार? दात्सुकविषयी डेट्रॉइटला खात्री असती, तर त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी इतर मुलांची नावे त्या संघाने घेतलीच नसती. सेंट लुईची कथा व्यवस्थेचे औदार्य सिद्ध करत नाही. दार किती अरुंद होते एवढेच ती सांगते. शिवाय क्रमांक हा नुसता अंदाज राहत नाही, तो पुढे कारण बनतो. पहिल्या फेरीत घेतलेल्या मुलावर संघाची प्रतिष्ठा पणाला लागलेली असते; त्याला दुसरी, तिसरी, चौथी संधी मिळते. सहाव्या फेरीतल्या मुलाचा एक वाईट महिना पुरेसा होतो. मग वर्षांनी कोणी आलेख काढून दाखवतो की वरच्या क्रमांकाची मुले जास्त सामने खेळली, म्हणून यादी बरोबर होती. ज्याने पाणी घातले, त्यानेच रोप वाढल्याचा दाखला द्यावा, असा हा प्रकार आहे.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक मूल असते. शेन राइट या मुलाला २०१९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ऑन्टॅरियोच्या कनिष्ठ लीगने ‘अपवादात्मक’ म्हणून वेळेआधी प्रवेश दिला. ही मान्यता तिथे २००५ मध्ये प्रथम जॉन टावारेसला मिळाली होती. राइटचा २०२०-२१ चा आख्खा हंगाम महासाथीमुळे रद्द झाला. तरीही २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तोच पहिला जाणार, हे दीर्घकाळ गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात मॉन्ट्रियलने स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीचे नाव घेतले आणि राइट चौथा गेला. मंचाकडे जाताना त्याची नजर मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे कशी वळली, यावर पुढे कितीतरी चर्चा झाली. अठरा वर्षांचा मुलगा, जगातल्या ज्येष्ठ लीगमध्ये आपल्या पिढीत चौथा निवडला जातो, आणि तो क्षण पराभव म्हणून वाचला जातो! हा पराभव यादीने निर्माण केला. यादी नसती तर तो केवळ आनंदाचा दिवस होता.

मग याद्या बंद कराव्यात काय? तसे आमचे म्हणणे नाही. संघाला पाळी आली की एकच नाव घ्यावे लागते. निवड अटळ असेल तिथे क्रमही अटळ असतो. शिवाय या वादांत एक खरा आनंद आणि खरे शिक्षणही आहे. उत्तम स्काउटचे टिपण वाचले, की पक पायाशी येण्याआधी मुलगा मान वळवून मागे पाहतो की नाही, दबावाखाली तो पास कुठे देतो, चूक झाल्यावर तो परत कसा धावतो, हे पाहायला आपण शिकतो. ही समीक्षाच आहे, आणि चांगली समीक्षा आहे. मात्र या टिपणाची ताकद वर्णनात असते. ‘सीलिंग’ आणि ‘फ्लोअर’ म्हणजे मुलगा जास्तीत जास्त किती वर जाईल आणि कमीत कमी कुठे थांबेल, असे शब्द सुरू झाले की डोळे मिटतात आणि भाकीत बोलू लागते.

आपल्या वाङ्मयात १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. ती उपाधी त्याच्या ऐकलेल्या कवितांना होती. तो पुढे कितवा कवी होईल याचा हिशेब तिच्यात नव्हता. दुसऱ्या टोकाला, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अठराव्या वर्षी त्यांचे नाव कोणत्या यादीत असते? साहित्याला वाट पाहता येते, हॉकीच्या गुडघ्यांना ती पाहता येत नाही, हा फरक मान्य. परंतु वाट पाहण्याची सोय असूनही आपण तिचा उपयोग करतो का? पहिल्या संग्रहावर ‘आश्वासक’ असा शिक्का मारणारा आपला परीक्षक दहा वर्षांनी त्या कवीकडे परत जातो का? हॉकीतल्या जुन्या याद्या निदान कोणीतरी उकरून काढतो आणि लिहिणाऱ्याची खिल्ली उडवतो. आपले परीक्षण मासिकाच्या जुन्या अंकात सुखाने झोपी जाते.

म्हणून यादी करणाऱ्यांकडून, मग ती बर्फावरच्या मुलांची असो की नव्या लेखकांची, आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. आकड्याआधी वर्णन यावे. मुलाची जन्मतारीख आणि त्याला मिळालेल्या संधी त्याच्या नावाशेजारी लिहाव्यात. पाच वर्षांनी आपली जुनी यादी आपणच काढून वाचावी आणि ती का चुकली हे सांगावे. आणि ‘फसला’ हे क्रियापद वापरायचेच असेल, तर त्याचा कर्ता तपासून घ्यावा: फसतो तो बहुधा अंदाज बांधणारा, आणि अपयश लिहिले जाते ते मुलाच्या नावावर.

पाळण्यात पाय दिसतात, हे खरेच आहे. ते पाय कुठे जातील, हे पाळण्यात दिसत नाही. आणि पाळणा कोणी, किती वेळ हलवला यावरही ते पुष्कळसे अवलंबून असते.