प्राणवायूत पुढे, लसीत मागे

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत राज्यभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना नंदुरबारकडे स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प होते. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या या दूरदृष्टीचे देशभर कौतुक झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली, तेव्हा त्या यादीतही नंदुरबार होते. यंत्रे वेळेवर पोहोचली. विश्वास पोहोचला नाही.

डोंगरातले विखुरलेले पाडे आणि गुजरातकडे होणारे स्थलांतर ही कारणे खरीच. पण ‘लस घेतली की माणूस मरतो’, ‘मूल होत नाही’ या अफवांनी केलेले नुकसान त्याहून कमी नव्हते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, म्हणून दोष निरक्षरतेवर ढकलणे सोपे जाते. ते चूक आहे. अफवेला अक्षरओळख लागत नाही. ती चित्रफितीतून, आवाजातून येते, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यात रेंज नाही तिथेही बाजाराहून परतलेल्या एकाच्या मोबाइलवर दहा जण ती पाहतात. सरकारी पत्रक मात्र छापील मराठीत, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांसाठी!

अफवेचा हा धोका जिल्ह्याला नवा नव्हता. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. तो रोग खरा होता. २०२० च्या सुरुवातीला ‘कोंबडीने कोरोना होतो’ हा निव्वळ खोटा संदेश फिरला. कोंबडीचे भाव दोन्ही वेळा कोसळले. शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्यात तर १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून मंगळवेढ्याकडच्या भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतली होती. मूल परत आणून सोडल्याचा भाग तेवढा कापलेला. त्यानंतर व्हॉट्सअॅपने संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली, एप्रिल २०२० मध्ये ती आणखी आवळली. पण हातातला मोबाइल शेजाऱ्याला दाखवण्यावर कोणती कंपनी मर्यादा घालणार?

अफवेला उत्तर मिळाले ते माणसांकडून. नर्मदाकाठी बोटीने पोहोचणारी आरोग्य पथके, आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक घरोघर गेले, लोकांच्या बोलीत बोलले. ओळखीच्या माणसाने आधी दंड पुढे केला, तिथे रांग लागली. हे काम साथ ऐन भरात आल्यावर, उसनवारीने झाले.

आरोग्य विभागाने भिली, पावरी, मावची आणि कोकणी बोलींतील ध्वनिफिती आताच तयार ठेवाव्यात, त्या बोलणाऱ्या गावच्याच माणसांना मानधन द्यावे. चित्रफीत कुठली, कधीची आणि कापलेली आहे का, हे तपासायला आश्रमशाळांतून शिकवावे. ऑक्सिजन प्रकल्पाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे आणि जिल्हा नियोजन समितीने त्याची तरतूद याच वर्षी करावी.